ट्रेनच्या सेटमधून दुसरं काय बनवायचं?

लेगोची ट्रेन एकदा जोडून झाली की पोरांचा इंटरेस्ट संपतो, आमच्या ऐरोलीच्या घरी तर पॅसेंजर ट्रेन, सेट नंबर ६०१९७, तब्बल ६७७ तुकडे, महिनाभर टीव्हीखाली धूळ खात पडली होती. नवीन सेट घ्यायच्या आधी एक करा, रीब्रिकेबल साइटवर तुमच्या सेटचा नंबर टाका (बॉक्सवर असतोच, बॉक्स फेकला असेल तर सूचनांच्या पुस्तिकेवर बघा) आणि तिथलं अल्टरनेट बिल्ड्स उघडा. त्याच सेटच्या तुकड्यांतून लोकांनी बनवलेली मॉडेल्स दिसतात, वेगळं काही विकत घ्यायला लागत नाही. काहींच्या सूचना फुकट असतात, काहींना पैसे पडतात, ते आधी बघून घ्या नाहीतर पोरगं हट्टाला बसतं.

जुनी गाडी मोडायच्या आधी फोटो काढून ठेवा आणि तुकडे परातीत ओता, डब्यात शोधत बसलात तर रात्र जाईल. चाकं आणि डबे जोडणारे मॅग्नेट मात्र वेगळ्या वाटीत.

स्वतःच्या डोक्याने बनवणार असाल तर डबा फार लांब करू नका. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड (तुकड्यांवरचे गोल उंचवटे), म्हणजे जेमतेम ३२ सेंमी, वळणाचे १६ रूळ जोडले की गोल पूर्ण होतो. आमच्या चिरंजीवांनी ठाणे-वाशी लोकल म्हणून लांबलचक डबा केला, तो पहिल्याच वळणाला सोफ्याच्या पायात अडकला. आता तिला सिग्नल मिळाला नाही म्हणे.