पॉलिमर ब्लेंड करताय? या चुका टाळा

‘दोन पॉलिमरचं सत्तर-तीसचं प्रमाण अगदी बरोबर घेतलं, तरी पट्टी तुटतेच,’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी विचारतो, आतून पाहिलंस का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. त्या तीस टक्क्यांचे थेंब केवढे झाले, ते भोवतालच्या पॉलिमरला धरून आहेत की नुसते अडकलेत, याची चौकशीच झालेली नसते. आणि ताकद ठरते ती तिथेच.

एक्स्ट्रूडरमधून (पॉलिमर वितळवून स्क्रूने ढकलणाऱ्या यंत्रातून) एकसारखे दाणे पडले म्हणजे मिसळलं, हा पहिला गैरसमज. लांब साखळ्यांचे रेणू सहजासहजी एकमेकांत विरघळत नाहीत. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिइथिलीन इतकी जवळची भावंडं, तीही वेगळीच राहतात. पॉलिस्टायरीन आणि पीपीओ (पॉलिफेनिलीन ऑक्साइड) यांच्यासारखी खरोखर एकजीव होणारी जोडी विरळाच. फसगत होते ती मॉड्युलसमुळे, म्हणजे ताठपणाच्या आकड्यामुळे. थेंब नीट चिकटलेले नसले तरी तो दोघांच्या मधला, बरा येतो. तुटेपर्यंतची लांबवाढ आणि आघातशक्ती मात्र कोसळतात. नुसता मॉड्युलस बघून ब्लेंड पास करू नका.

आता माझा सगळ्यात जुना राग: एका फोटोवर निकाल देणं. मीही दिला होता. पॉलिप्रॉपिलीनमध्ये २० टक्के नायलॉन-६ घालून प्लेट मोल्ड केली, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून आडवी तोडली. मायक्रोस्कोपखाली सुबक गोल ठिपके दिसले, मायक्रॉनभराचे. मोल्डमध्ये माल वाहिला त्या प्रवाहाच्या दिशेने कापलेल्या पट्ट्याही छान ताणल्या गेल्या. मग ज्या भागावर आडवा भार येत होता, तो पटापट फुटू लागला. दोन आठवडे आम्ही ओलावा, तापमान, कच्चा माल, सगळ्यांवर संशय घेतला. शेवटी त्याच प्लेटचा तुकडा प्रवाहाच्या दिशेने तोडून पाहिला. कडेजवळ लांबच लांब तंतू होते! मी ठिपके समजत होतो ती त्यांची कापलेली टोकं. कंपॅटिबिलायझर (दोन पॉलिमरना एकमेकांशी धरून ठेवणारा घटक) नसल्याने पकड कच्ची, म्हणून आडवा ताण बसला की तंतूंच्या कडेने माल उकलत होता, लाकूड रेषेवर फुटतं तसा.

तेव्हापासून तोडण्याआधी मी नमुन्यावर मार्करने प्रवाहाचा बाण काढतो आणि चार फोटो घेतोच: दोन दिशा, प्रत्येकीत कड आणि गाभा. कडेला वितळलेला माल लगेच गोठतो, म्हणून ताणलेले तंतू तसेच राहतात. गाभ्यात वेळ मिळतो, तिथे ते पुन्हा गोल होतात, एकमेकांत मिसळून मोठेही होतात. वेळ वाचवायला यातला एखादा फोटो गाळणाऱ्यांना मी परत पाठवतो.

थेंब बारीक होत नाहीत म्हणून स्क्रूचा वेग वाढवणं हा उतावळ्यांचा आवडता उपाय. विखुरलेला पॉलिमर भोवतालच्यापेक्षा चारेक पट घट्ट असेल, तर नुसत्या घासण्याने थेंब फुटत नाही, जागच्या जागी गरगरतो. वेगाने तापमान मात्र चढतं आणि माल जळतो. मी आधी ग्रेड बदलून दोन्हींची व्हिस्कॉसिटी (वितळल्यावरचा घट्टपणा) जवळ आणतो.

कंपॅटिबिलायझर ‘अजून थोडं’ टाकू नका. थेंबांचा पृष्ठभाग भरला की उरलेलं नुसतं आत पडून राहतं.

चिवटपणासाठी घातलेल्या रबराचे कण जितके बारीक तितकं चांगलं, हेही सरसकट खरं नाही. नायलॉन-६६ साठी कणांमधलं अंतर सुमारे ०.३ मायक्रॉनच्या खाली गेलं की तो चिवट होतो, असं संशोधक वू यांनी १९८५ मध्ये दाखवलं. आघातरोधक पॉलिस्टायरीनला मात्र मायक्रॉनभर किंवा त्याहून मोठे कण लागतात, कारण तिथे क्रेझ (तड्यासारख्या बारीक रेषा) सुरू करण्याचं आणि अडवण्याचं काम कणांना करायचं असतं.

नायलॉन न वाळवता मोल्ड करू नका. आणि आघात चाचणीची नॉच (खाच) ब्लेडने हातानेच पाडली असेल, तर तो आकडा माझ्याकडे आणूच नका.