स्वरयंत्र काढल्यावर गाणं पुन्हा कसं सुरू करावं

स्वरयंत्र काढून टाकल्यावरही गाता येतं. जुना आवाज परत येत नाही, हे मात्र आधी मनाशी पक्कं करा. नवा आवाज खर्जातला, खरखरीत आणि थोड्याच सुरांत फिरणारा असतो. पण गाण्याच्या रियाजाने बोलणं सुधारतं, वाक्य मध्येच तुटत नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत मी हे जवळून पाहिलं, म्हणून लिहिते आहे.

शस्त्रक्रियेनंतर श्वास मानेवरच्या छिद्रातून, म्हणजे स्टोमातून चालतो. व्हॉइस प्रोस्थेसिस ही श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या भिंतीत बसवलेली छोटी एकतर्फी झडप. स्टोमा बोटाने बंद केला की बाहेर पडणारा श्वास या झडपेतून अन्ननलिकेत जातो, तिच्या वरच्या टोकाशी असलेला घशाचा भाग थरथरतो आणि आवाज निघतो. पुढच्या पायऱ्या मुख्यतः ही झडप असलेल्यांसाठी आहेत. सर्जन आणि स्पीच थेरपिस्ट दोघांनीही होकार दिल्यावरच सुरुवात करा.

१. अंगठा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हात धुवा, खोकून कफ काढा, स्टोमा स्वच्छ करा आणि आरशासमोर बसा. अंगठा स्टोमावर अलगद टेकवा. स्टोमावर हवा गाळणारा फिल्टर लावत असाल तर त्याचं झाकण दाबा. वडील सुरुवातीला इतकं दाबायचे की नख पांढरंफटक पडायचं, आणि आवाज काही फुटायचा नाही. जोर लावला की घसाच आवळला जातो. नखाकडे बघत राहा. पांढरं पडलं तर दाब कमी करा. कडेने ‘फुस्स’ ऐकू आलं तर अंगठा जरासा सरकवा, जोर वाढवू नका.

२. श्वास. छाती फुगवून मोठा श्वास घेऊ नका, नेहमीचाच पुरतो. खांदे सैल ठेवा. ओठ मिटून ‘म्म’ गुणगुणा, मग ‘आ’ लावा. ‘ह’ने सुरुवात करू नका; स्वरयंत्राशिवाय तो अवघड जातो. ‘आ’ किती सेकंद टिकतो ते मोजा आणि दहापर्यंत न्यायचा प्रयत्न करा. एका बैठकीला पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, एवढं खूप झालं.

३. आपली पट्टी. सहज निघणारा ‘आ’ पेटीवर किंवा मोबाइलवरच्या सूर दाखवणाऱ्या अ‍ॅपवर पडताळा. तीच तुमची पट्टी. बायकांचाही सूर आता बराच खाली येतो. ते ऐकून जीव तुटतो, पण जुन्या पट्टीच्या मागे लागलात तर फक्त घसा ताणला जाईल.

४. चढ-उतार. ‘आलास?’ आणि ‘आलास.’ हे दोन सुरांत गा, मग तसंच बोला. पहिल्यात शेवट वर जातो, दुसऱ्यात खाली. हनुवटी किंचित वर-खाली केली, मान थोडी वळवली तरी सूर बदलतो; तुमचा कोणत्या बाजूला सुटतो ते शोधा. बोलण्यातला सपाटपणा इथेच कमी होतो, म्हणून मला ही पायरी फार मोलाची वाटते.

५. गाणं. संथ लय, छोट्या ओळी, मोजके सूर असलेलं निवडा, अंगाई उत्तम. ओळीत श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलने खूण करा. जो सूर गाठता येत नाही, तिथले शब्द लयीत नुसते म्हणा.

झडप नसेल आणि अन्ननलिकेत हवा घेऊन बोलत असाल, तर एका दमात चार-पाच अक्षरंच मिळतात. ओळीचे तेवढेच तुकडे पाडा आणि जेवण झाल्या झाल्या रियाज टाळा. इलेक्ट्रोलॅरिंक्स म्हणजे मानेवर टेकवून बोलायचं विजेचं यंत्र; त्यातल्या काहींत बटणावरच्या दाबाने सूर बदलतो. तिथे सूर बोटाने लावायचा.

पाणी पिताना खोकला येऊ लागला तर झडप गळत असू शकते. लगेच दाखवून घ्या. दुखलं, रक्त दिसलं, दम लागला तर त्याच क्षणी थांबा.

जमेल तेव्हा चारचौघांत गा. लंडनमध्ये ‘शाउट अ‍ॅट कॅन्सर’ या संस्थेचं स्वरयंत्र काढलेल्यांचं गायनवृंद आहे. घरच्यांबरोबरही चालतं: तुमचा दम संपला की ओळ ते पुढे नेतात, तुम्ही शांतपणे श्वास घ्या, अंगठा पुन्हा टेकवा आणि पुढच्या ओळीला सामील व्हा.