केस गळताहेत? आधी तीन महिने मागे मोजा

कंगव्यात पुंजका दिसला की पहिला दोष बोअरिंगच्या पाण्याला दिला जातो. जड पाण्यानं केस राठ होतात, मधूनच तुटतात. पण ते मुळापासून गळत असतील तर कारण बहुधा शरीरात असतं. रोज 50 ते 100 केस जाणं स्वाभाविकच.

शरीराला ताण बसला की केसाचं मूळ विश्रांतीत जातं, म्हणजे त्याची वाढ थांबते. त्यानंतर केस पडायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून भाद्रपदात डेंग्यू झाला की गळती कार्तिक-मार्गशीर्षात दिसते. बाळंतपण, ऑपरेशन, झटपट वजन उतरवणारं डाएट यांचंही तसंच. अशी गळती बहुधा सहा महिन्यांत ओसरते.

कारण सापडलं नाही तर रक्त तपासा. हिमोग्लोबिन 12 च्या वर असलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो आणि तो फेरिटिन या रक्तचाचणीतच कळतो. फेरिटिनचा 30 च्या खाली आकडा म्हणजे कमतरता. ताप असताना फेरिटिन खोटं वाढतं, त्यामुळे बरं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्त द्या. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-12 आणि डी जीवनसत्त्व. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर तीन दिवस आधी थांबवा, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. बायोटिनची कमतरता मुळात दुर्मिळ, तरी ते खूप खपतं.

भांग रुंद होतोय, पाळी 35 दिवसांपलीकडे जाते, हनुवटीवर राठ केस येतात, तर पीसीओएसची (बीजकोश आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) शंका घ्या. टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरकं पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सकाळी तपासा. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यांनी आकडे बदलतात.

लोहाची गोळी रिपोर्ट पाहूनच सुरू करा. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. पोट बिघडलं तर एक दिवसाआड चालते. शौचाला काळं झालं तर घाबरू नका. फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा बघा. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर त्यावर उपचार घ्या, नाहीतर गोळी बंद होताच साठा पुन्हा उतरतो. डी जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक असते. ती रोज घेतल्यानं विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत.

55 किलो वजनाला रोज साधारण 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. नागलीची भाकरी कॅल्शियमसाठी उत्तम, पण प्रथिनं तिच्यात कमीच. आठवडी बाजारातून मटकी, हरभरे आणा. एक अंडं 6 ग्रॅम देतं, 30 ग्रॅम कोरडी मटकी साधारण 7. उसळीवर लिंबू पिळा, चहा तासाभरानं.

गोल चट्टे पडले, टाळूला जखमा किंवा पू दिसला, आवाज घोगरा होऊ लागला, तर महिने मोजत बसू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.