ऑनलाइन क्लासमध्ये नवीन टूल वापरताय? या चुका टाळा

"मॅडम लिंक ओपन होत नाहीये" असं चॅटमध्ये यायला लागलं की समजायचं, टीचरने लिंक फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर बघितलीय. तुम्ही लॉगिन असता म्हणून तुम्हाला सगळं उघडतं हो, मुलांना तिथे परमिशन मागा असं पान दिसतं. मी कुठलीही लिंक आधी इन्कॉग्निटो विंडोत (ब्राउझरची खासगी विंडो, तिथे तुमचं लॉगिन नसतं) उघडते, मग वायफाय बंद करून मोबाइलवर. पण तेवढा धीर कुणाला, काल व्हिडिओत टूल बघितलं की आज लगेच वर्गात!

आणि एडिट लिंक, ही तर डोक्यातच जाते. ओळखीतल्या एका सरांनी गूगल स्लाइड्सची एकच फाइल अख्ख्या वर्गाला एडिटर म्हणून दिली, प्रत्येकाने आपापल्या स्लाइडवर उत्तर लिहायचं म्हणे. थोड्या वेळाने कुणीतरी डावीकडच्या पट्टीत कंट्रोल ए करून डिलीट दाबलं, सगळ्या स्लाइड गायब, एक मुलगी रडकुंडीला आली आणि सर आपले "कोणी केलं ते आधी सांगा" करत बसले, त्यातच तास संपला. अहो, फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, तिथून जुनी प्रत रिस्टोअर करायची, संपला विषय. आरोपी नंतर शोधा.

मुळात अशी लिंक द्यायचीच नाही. लिंकच्या शेवटी एडिट लिहिलेलं असतं, ते आणि त्यापुढचं सगळं खोडून त्या जागी इंग्रजीत copy हा शब्द टाइप करा, म्हणजे प्रत्येकाला स्वतःची प्रत करायचं बटण येतं (मुलांचं गूगल लॉगिन मात्र लागतं). सगळ्यांचं एकाच ठिकाणी हवं असेल तर पॅडलेट (सगळ्यांनी नोट चिकटवायचा ऑनलाइन बोर्ड) घ्या, पण पोस्ट तुम्ही अप्रूव्ह केल्यावरच दिसेल असं सेटिंग करून.

कहूट या ऑनलाइन क्विझमध्ये लवकर उत्तर दिलं की पॉइंट जास्त, म्हणजे ज्याचं नेट स्लो तो हरणारच. मी वेळ वाढवून ठेवते आणि अवघड प्रश्नाला पॉइंटच देत नाही. ज्यांना लीडरबोर्डशिवाय (पॉइंटनुसार नंबरांची यादी) करमत नाही त्यांच्याशी माझं जमत नाही.

प्रयोग स्क्रीनवर करून दाखवणारी जुनी फ्लॅशवाली सिम्युलेशन्स अजून फिरवणाऱ्यांनो, फ्लॅश 2020 अखेर बंद झालं. फेट (PhET) या सिम्युलेशनच्या साइटवरची एचटीएमएल 5 वाली, म्हणजे थेट ब्राउझरमध्ये चालणारी घ्या, मोबाइलवरही चालतात.

जॅमबोर्ड, म्हणजे गूगलचा ऑनलाइन फळा, तोसुद्धा 2024 च्या शेवटी गेला, तेव्हा फुकटच्या बोर्डावरचं काम तास संपला की पीडीएफ करून ठेवत जा.

एका तासात चार टूल नकोत.

झूमवर व्हिडिओ दाखवताना शेअर साउंडवर टिक करा, नाहीतर मुलं मूकपट बघतात आणि कुणी बोलतही नाही.