ब्रिटनच्या राजाराण्यांवर लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांचा हंगाम जवळ आला की इतिहासाचे लेख तपासायला माझ्याकडे येतात. त्यात लंडनच्या राजघराण्यावरचे एकदोन हमखास असतात. लेखक दरवर्षी नवे, चुका मात्र त्याच.

सगळ्यात महागात पडते ती सनाची चूक. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याचं नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला लागायचं. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ ला झाला असं आपण म्हणतो, पण तेव्हाच्या इंग्रजी कागदात साल १६४८ सापडतं. मराठी माणसाला हे जड जाऊ नये. पाडवा येईपर्यंत माघ-फाल्गुनात शक जुनाच चालतो, तसंच हे. भरीला दिवसांचाही घोळ आहे. पोर्तुगालसारख्या कॅथलिक देशांनी १५८२ मध्येच ग्रेगोरियन, म्हणजे आजची, दिनदर्शिका घेतली. इंग्लंड जुन्या ज्युलियनलाच चिकटून राहिलं, त्यामुळे सतराव्या शतकात इंग्रजी तारीख दहा दिवस मागे असते. स्कॉटलंडची तऱ्हा आणखी वेगळी. दिवस जुन्या दिनदर्शिकेचे, पण वर्ष १६०० पासूनच १ जानेवारीला सुरू!

याने काय होतं ते एका लेखात पाहिलं. विषय होता मुंबई इंग्रजांच्या हाती कशी आली हा. १६६१ च्या विवाहकरारानुसार दुसऱ्या चार्ल्सला मुंबई मिळाली होती, पण पोर्तुगीज अधिकारी ताबा देईनात. ताबा घ्यायला आलेले सर अब्राहम शिपमन आपल्या माणसांसह कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन अडकले आणि एप्रिल १६६४ मध्ये तिथेच वारले. मग त्यांचा सचिव हम्फ्री कूक याने नोव्हेंबरमध्ये पोर्तुगीजांच्या अटी मान्य केल्या आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये ताबा घेतला. आमच्या लेखकमहाशयांना कुठल्याशा इंग्रजी कागदात ताब्याचं साल दिसलं फेब्रुवारी १६६४. म्हणजे शिपमन जिवंत असताना! झालं. कूकने साहेबाच्या पाठीमागे पोर्तुगीजांशी संधान बांधलं, आणि नोव्हेंबरचा करार म्हणजे नंतर रचलेला बनाव, असं चार पानांचं कारस्थान त्यांनी उभं केलं. पानं लागली होती, चित्रकाराने अंधारात कुजबुजणारा कूकसुद्धा काढून दिला होता. मी समासात लाल रेघ मारली तर त्यांचा फोन, "अहो, मूळ कागदात तसंच आहे!" कागद बरोबरच होता हो. पण मूळ कागद हाती लागला म्हणून तो वाचता आला असं होत नाही. लेख शेवटी दीड पानाचा उरला आणि उरलेल्या जागेत कोणाच्या तरी चारोळ्या गेल्या.

माझी सवय सांगतो. १७५२ च्या आधीची, १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली कुठलीही इंग्रजी तारीख मी दोन सालं घालूनच टिपतो, १६६४/६५ अशी. शेजारी कागद कोणाचा तेही, इंग्रजाचा की पोर्तुगीजाचा. तारखा बदलून देणारी संकेतस्थळं मी वापरत नाही. ती दिवस सरकवून देतात, साल कधी लागत होतं हे विचारत नाहीत, आणि घाईतल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. हेन्री ऑक्झेंडन हा कंपनीचा वकील रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. ती ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियनच आहे, ग्रेगोरियनने १६ जून येते. हे कळल्यावर इतिहासकारांची चोरी पकडल्याच्या थाटात लिहिणारेही भेटतात. दोन्ही तारखा बरोबर आहेत, कुठली पद्धत वापरली एवढं सांगा आणि लेखभर तीच ठेवा.

दुसरं दुखणं म्हणजे कोण कशाचा राजा होता हे न बघणं. ३१ डिसेंबर १६०० ला ईस्ट इंडिया कंपनीला सनद देणारी पहिली एलिझाबेथ 'ब्रिटनची राणी' नव्हती. तिचं राज्य इंग्लंड आणि आयर्लंडवर. स्कॉटलंडच्या गादीवर तेव्हा सहावा जेम्स होता, आणि १६०३ मध्ये ती गेल्यावर तोच इंग्लंडचा पहिला जेम्स झाला. एका लेखात हा सहावा जेम्स आणि हा पहिला जेम्स बापलेक होऊन आले होते! राजा एक झाला तरी राज्यं दोन आणि संसदाही दोनच राहिल्या. त्या एक झाल्या १ मे १७०७ ला. आयर्लंड जोडलं गेलं १८०१ मध्ये.

नावाआधीचे पहिला-दुसरा हे आकडे म्हणजे नुसती शोभा नव्हे. १९५२ मध्ये एलिझाबेथ गादीवर आली तेव्हा 'आमच्याकडे पहिली झालीच नाही, मग ही दुसरी कशी?' असं स्कॉटिश लोक विचारू लागले. एडिंबरामध्ये नव्या राणीची मुद्रा असलेली टपालपेटी १९५३ मध्ये कोणीतरी स्फोटाने उडवून दिली. पुढे तिथल्या पेट्यांवर स्कॉटलंडचा मुकुट आला. शिवाय इंग्लंडची ही मोजणी १०६६ च्या, म्हणजे नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं त्या सालानंतरची. पहिला एडवर्ड म्हणवणाऱ्याच्या आधी तीन एडवर्ड होऊन गेले होते.

यावर उपाय एकच, वंशावळ हाताने काढा. छापील रंगीत तक्ता भिंतीवर लावून काहीही डोक्यात शिरत नाही. मी जुन्या हिशेबाच्या वहीत आडवं पान धरून काढतो, प्रत्येक नावाखाली राज्य आणि साल. एक संध्याकाळ जाते. तेवढाही धीर नसेल त्यांनी दुसरा विषय घ्यावा, विषयांना काय तोटा आहे?

बाकीच्या चुका पटकन.

मेरी तीन आहेत. प्रोटेस्टंटांना जाळणारी ट्यूडर मेरी वेगळी, १५८७ मध्ये शिरच्छेद झालेली स्कॉटलंडची मेरी वेगळी, विल्यमबरोबर राज्य केलेली दुसरी मेरी वेगळी. चित्र छापताना तरी बघा.

आठव्या हेन्रीने सहाही बायका मारल्या नाहीत. दोघींचा शिरच्छेद झाला.

मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेवर जॉन राजाने 'सही' केली नाही, मोहोर लावली. आणि त्याच वर्षी, १२१५ मध्ये, पोपने तो रद्दही केला.

दुसऱ्या चार्ल्सची कारकीर्द प्रत्यक्षात १६६० पासून, पण त्याची सरकारी वर्षं बापाच्या, म्हणजे पहिल्या चार्ल्सच्या, मृत्यूपासून मोजतात. मुंबई दहा पौंड वार्षिक भाड्याने कंपनीला दिली तो मार्च १६६८ त्याच्या राज्याच्या विसाव्या वर्षात पडतो, नवव्यात किंवा आठव्यात नाही.

व्हिक्टोरिया विंडसर नव्हे, हॅनोव्हर घराण्याची. विंडसर हे नाव १९१७ चं.

१८५८ च्या जाहीरनाम्याने ती सम्राज्ञीही झाली नाही. तो किताब १८७६ च्या कायद्याने आला आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात जाहीर झाला. पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, खादी घालून गेले तो हाच दरबार. १८५८ धरलंत तर काका एकोणीस वर्षं आधीच दिल्लीला पोचतात.

आणि पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरला तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हता. पायाभरणी १९१३ मध्ये, उद्घाटन १९२४ मध्ये. तरी दरवर्षी एखाद्या लेखात तो कमानीखालून चालत येतोच.