बिबट्या दिसायच्या आधी वानरं सांगतात, ते ऐकायचं कसं

काजूच्या सीझनला आमच्याकडे सगळे अंधार पडेपर्यंत बागेत असतात आणि बिबट्या हल्ली बागेच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत येतो, पण तो आपल्याला दिसत नाही, बाकीच्या जनावरांना आधी दिसतो. म्हणून बिबट्याला शोधू नका, वानरांकडे लक्ष ठेवा.

काळ्या तोंडाची वानरं हुप हुप करतात ते वेगळं, त्याला घाबरायचं नाही. बिबट्या दिसला की खोकल्यासारखा कोरडा खॅक खॅक आवाज सुरू होतो, पिल्लं आयांच्या पोटाला चिकटतात, सगळी शेंड्याकडे चढतात आणि खाली एकाच जागेकडे बघत राहतात. ती नजर कुठे आहे ते बघा, आवाजापेक्षा ती जास्त सांगते. पण कुत्र्यांना बघूनही ती ओरडतात, म्हणून दुसरा साक्षीदार पाहिजे.

भेकर म्हणजे छोटं हरण, ते कुत्र्यासारखं भुंकतं पण सुटं सुटं, एक भुंकणं, थोडं थांबून परत एक, आणि बराच वेळ चालतं. मात्र ते माणसाच्या वासानेही भुंकतं, कदाचित तुमच्याच. सांबर सहसा उगाच ओरडत नाही, त्याचा एकच मोठा ढँक आणि जमिनीवर पाय आपटणं ऐकलंत तर गंभीरपणे घ्या. वानर आणि भेकर किंवा सांबर एकाच बाजूने ओरडले तर तिकडे जायचंच नाही, काजू उद्या गोळा होतील.

आवाज सरकतोय का तेही बघा. आधी व्हाळाकडे म्हणजे ओढ्याकडे, मग थोड्या वेळाने सड्याच्या, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या बाजूला, म्हणजे जनावर चालतंय. आवाज थांबला म्हणून बिबट्या गेलाच असं नाही, तो आडोशाला बसला असेल तरी ओरडणं थांबतं.

हे ओरडणं फक्त कळपाला सांगायला नसतं बरं का. बिबट्या दबा धरून शिकार करतो, आपण दिसलो हे त्याला कळलं की बऱ्याचदा नाद सोडून निघून जातो. आपणही तेच करायचं, मोठ्याने बोलत चालायचं, एकटं जायचं नाही, खाली वाकून बसायचं नाही, पोरांना मध्ये ठेवायचं.

घराजवळ कुत्र्यावर लक्ष ठेवा. आमचा एका रात्री जोरात भुंकला आणि मग अचानक गप्प होऊन शेपूट पोटाखाली घेऊन ओटीवर आला, गोठ्यात गायी कान टवकारून एकाच कोपऱ्याकडे बघत होत्या. अशा वेळी बॅटरी घेऊन बघायला जायचं नाही, दार लावायचं, कुत्रा आत घ्यायचा, वनविभागाला १९२६ वर फोन करायचा.

आणि एखादं भेकर रस्त्याकडेला वारंवार दिसलं म्हणून ते माणसाळलं असं धरू नका. अमेरिकेत यलोस्टोनच्या भागात मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या माद्या पिल्लं द्यायला रस्त्याजवळ येऊ लागल्या, कारण अस्वलं रस्ता टाळतात. त्यांना आपली माया नसते, अस्वलाची भीती जास्त असते. आपल्याकडच्या भेकराचंही तसंच असू शकतं, त्याला हुसकावू नका, मागे काय आहे त्याचा विचार करा.

सकाळी उजाडल्यावर व्हाळाच्या चिखलात ठसे बघा. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या उमटतात. बाजूला नाणं ठेवून फोटो काढा आणि वनरक्षक येईपर्यंत वर टोपली पालथी घालून ठेवा.