बँकॉकमध्ये फिरताना: कोकणातून जाणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात कोकण रेल्वेने मुंबईला जाऊन विमान पकडणार असाल, तर एक दिवस हाताशी ठेवा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, त्यात दरड आली तर विमान गेलंच म्हणायचं.

सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक सुटते. शेवटच्या फया थाई स्टेशनला अर्ध्या तासात पोहोचते, भाडं ४५ बात (थायलंडचं चलन). तिथे बीटीएस, म्हणजे रस्त्यावरून उंचावर धावणारी मेट्रो मिळते. एमआरटी, म्हणजे बहुतेक भुयारी असलेली दुसरी मेट्रो हवी असेल तर आधी मक्कासानला उतरा. एकीचं सुटं तिकीट दुसरीत चालत नाही. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्ड टेकवलं की झालं, पण निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करून घ्या. ड्युरियन मात्र पिशवीत नको. तो आपल्या फणसासारखा दिसतो, पण वासामुळे गाडीत बंदी आहे.

मध्यरात्रीनंतर उतरलात तर टॅक्सीच. पहिल्या मजल्यावरच्या (म्हणजे आपल्या तळमजल्यावरच्या) यंत्रातून टॅक्सीची चिठ्ठी घ्या आणि ती शेवटपर्यंत जपा, तक्रारीला तीच उपयोगी पडते. मीटरवर विमानतळाचे ५० बात आणि टोल वेगळा. शहरात संध्याकाळी टॅक्सीवाला मीटर नको म्हणाला तर वाद घालू नका, दुसरी बघा.

खरी मजा नदीत आहे. बीटीएसच्या सफान ताक्सिन स्टेशनखालीच साथोर्नचा धक्का आहे. नारिंगी झेंड्याची बोट घ्या, कुठेही जा, साधारण १६ बात. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट महाग, आणि धक्क्यावर आधी तिचंच तिकीट पुढे करतात, म्हणून झेंडा बघूनच चढा. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीसारखी ही थांबून राहत नाही. मागची बाजू धक्क्याला टेकते, शिट्टी वाजते, तेवढ्यात चढायचं. उतरायचं असेल तर एक थांबा आधीच मागे येऊन उभे राहा. राजवाड्यासाठी ‘था चांग’ या धक्क्यावर उतरा. तिथे कुणी “आज राजवाडा बंद आहे” म्हणत स्वस्त टुकटुक दाखवली तर सरळ दरवाजा गाठा. ती टुकटुक तुम्हाला रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात नेते.

सेन सेप कालव्याची बोट वेगळीच. ट्रॅफिक तुंबलेला असताना ती सुसाट जाते, पण पाणी घाण. कडेला बसलात तर समोरून बोट येताच दोरी ओढून ताडपत्री वर करायचं काम तुमचंच.